जगात जर्मनी, सर्व्हरवर परभणी

'मी परभणीचा' असं सांगितलं की समोरचा हमखास एक वाक्य टाकतो. 'अरे वा, जगात जर्मनी, भारतात परभणी!' पुण्यात आल्यापासून हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर हसण्याचाही माझा एक ठरलेला आवाज आहे. पण २०१५च्या मे महिन्यात हे वाक्य माझ्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. आमचा सर्व्हर होता जर्मनीत, त्यावर फॉर्म भरायला बसलेल्या तीन मुली होत्या परभणीत, आणि या दोघांच्या मधोमध सगळा घोळ घालून ठेवलेला मी होतो.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सिस्टम अ‍ॅडमिन होतो. सिस्टम अ‍ॅडमिन म्हणजे ऑफिसातला तो प्राणी, ज्याची सगळं नीट चाललं असताना कुणालाच आठवण येत नाही. आमची कंपनी ऑनलाइन फॉर्म भरून घेण्याची सिस्टीम बनवायची. एका खासगी संस्थेची शिष्यवृत्ती परीक्षा होती, तिचे अर्ज आमच्याकडे येत होते. सर्व्हर जर्मनीत भाड्याने घेतलेला, कारण तिथे तो स्वस्तात मिळाला होता. शेवटची तारीख रविवार, रात्री बारा.

आता आपल्याकडे शेवटच्या तारखेचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. महिनाभर आरामात येणारे अर्ज शेवटच्या चार दिवसांत धो धो यायला लागतात. गुरुवारी संध्याकाळी साइटने मान टाकली.

एक मिनिटाची गोष्ट

झालं काय होतं, ते सोप्या भाषेत सांगतो. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा बोलणं संपल्यावर लगेच ती लाइन मोकळी होत नाही. समोरच्याचा एखादा शब्द वाटेत राहिला असेल तर तो भलत्याच कॉलमध्ये घुसू नये, म्हणून फोन ठेवणारी बाजू ती लाइन थोडा वेळ राखून ठेवते. या अवस्थेला म्हणतात टाइम-वेट. लिनक्समध्ये हा वेळ ६० सेकंदांचा असतो.

एक मिनिट म्हणजे काही फार नाही. पण एका मशीनला दुसरीकडे एकाच ठिकाणी कनेक्शन जोडायला साधारण २८ हजार पोर्ट मिळतात. आमची वेबसाइट प्रत्येक क्लिकला डेटाबेसशी नवीन कनेक्शन जोडायची आणि लगेच तोडायची. २८ हजारांना ६०ने भागा. सेकंदाला पावणेपाचशेच्या आसपास कनेक्शन झाली की खेळ खल्लास. सगळे पोर्ट आपापलं एक मिनिट मोजत बसलेले आणि नवीन येणाऱ्याला जागा नाही. लग्नात पंगत उठलीय, पण ताटं उचलायला कुणी नाही, तसा प्रकार.

यावरचा खरा उपाय म्हणजे सॉफ्टवेअर बदलायचं. डेटाबेसची पन्नासएक कनेक्शन उघडी ठेवायची आणि तीच आलटूनपालटून वापरायची. पण त्याला डेव्हलपर लागतो, टेस्टिंग लागतं, दोन दिवस लागतात. आणि माझ्याकडे होते दोन तास.

इथे एन्ट्री होते कर्नलची.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कुणी किती वेळ वापरायचा, नेटवर्कवरून आलेलं पाकीट कुणाच्या हातात द्यायचं, हे सगळं तोच ठरवतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या कर्नलला शेकडो खटके आहेत. मेमरी कमी पडली तर डिस्कवर किती सढळ हाताने सामान हलवायचं, त्याचा एक खटका आहे, स्वॅपिनेस नावाचा. तो फॅक्टरीतून ६०वर येतो. एका वेळी किती फाइली उघडायच्या, दारात किती कनेक्शनची रांग लागू द्यायची, सगळ्याला खटके.

आणि गंमत म्हणजे यातले बरेचसे खटके मशीन चालू असतानाच फिरवता येतात. रीस्टार्ट नको, काही नको. सिसकंट्रोल नावाची एक कमांड आहे. खटक्याचं नाव लिहायचं, नवा आकडा लिहायचा, एंटर मारायचं. त्याच क्षणापासून अख्ख्या मशीनचं वागणं बदलतं. चालत्या एसटीचं चाक बदलण्याची सोय म्हणा ना!

त्या काळात टाइम-वेटच्या दुखण्यावर आमच्या लाइनमध्ये एक घरगुती उपाय फेमस होता. टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल नावाचा खटका शून्यावरून एकवर न्यायचा. मग कर्नल ते ६० सेकंद मोजत बसत नाही, झटपट लाइन मोकळी करतो. कर्नलच्या कागदपत्रांत या खटक्यापुढे बजावलेलं होतं, की जाणकारांच्या सल्ल्याशिवाय याला हात लावू नका. मी ते वाचलंही होतं. पण रात्रीचे साडेनऊ वाजलेले असताना आणि टीम लीड खुर्चीमागे उभा असताना प्रत्येकाला आपणच जाणकार वाटतो.

मारलं एंटर. २८ हजारांवर अडकलेला आकडा बघता बघता काहीशेवर आला. साइट पळायला लागली. लीडने पाठीवर थाप मारली आणि खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी बन-मस्का मागवला.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. असा फिरवलेला खटका फक्त चालू मशीनच्या डोक्यात असतो. मशीन रीबूट झालं की तो पुन्हा मूळ जागी. बदल कायम राहावा असं वाटत असेल तर तो एका फाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो. मशीन सुरू होताना ती फाइल वाचतं आणि एकेक खटका त्याप्रमाणे लावून घेतं. मी शहाण्यासारखी तिथेही ओळ लिहून टाकली.

शुक्रवारी रात्री ताठ मानेने नांदेडच्या गाडीत बसलो आणि शनिवारी सकाळी परभणीला उतरलो.

'तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे'

परभणीचा मे महिना ज्याने काढलाय त्याला बाकी सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की कूलर बंद, आणि कूलर बंद झाला की घरातले सगळे एकाच खोलीत फरशीवर.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास माझी चुलत बहीण तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन घरी आली. तिघींचं बारावी झालेलं. तिघींना तोच फॉर्म भरायचा होता. डेटा पॅक संपलेले, म्हणून आमच्या घरच्या वायफायवर. लाइट तेवढ्यात आली होती.

"दादा, ती साइट तुमच्याच कंपनीची ना? उघडंना बघ."

मी कॉलर टाइट करून बसलो. तिघी तीन फोन घेऊन. एकीच्या फोनवर उघडली, दोघींच्या फोनवर नुसतं गोल गोल फिरतंय. कुठला एरर नाही, काही नाही. मी माझा लॅपटॉप काढला. तो माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होता. साइट टुणकन उघडली.

सॉफ्टवेअरवाल्यांचं एक जगप्रसिद्ध वाक्य आहे. 'माझ्याकडे तर चालतंय.' ते मी टाकलं. आणि वर आणखी एक टाकलं. "तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे. राउटर बंद करून चालू करा, नाहीतर नेट कॅफेत जाऊन बघा."

राउटर बंद-चालू झाला. कधी हिचं उघडायचं, कधी तिचं. फोटो अपलोडपर्यंत पोचलं की पुन्हा गोल गोल. नेट कॅफे रविवारचा बंद. तिघींपैकी एक मुलगी ताडकळसकडची. तिची गाडी सहाची होती. तिने दोनदा घड्याळ बघितलं, आईचा एक फोन येऊन गेला, आणि ती उठली.

"जाऊ द्या दादा," ती म्हणाली, "आमच्याकडं नेट असंच हाय."

आणि ती गेली. मी पंख्याखाली बसून कलिंगड खात होतो.

बाबांचा फोन

रात्री नऊला बहिणीने शेवटचा उपाय म्हणून माझ्या बाबांचा फोन मागितला. बाबांचा फोन म्हणजे घरातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात म्हातारा. काच तडकलेली. त्यावर साइट पहिल्या फटक्यात उघडली.

"अगं, काकांच्या फोनवर उघडतीय!"

तिच्या नव्या फोनवर मात्र तेच गोल गोल. वायफाय तेच, राउटर तोच, मिनिट तेच. मग नेट खराब कसं असेल? नेट खराब असतं तर दोन्ही फोन बंद पडायला हवे होते.

पोटात खड्डा पडला म्हणतात ना, तसं झालं. लॅपटॉप उघडला आणि जर्मनीतल्या सर्व्हरवर लॉगिन केलं. साइटच्या लॉगमध्ये काही नव्हतं. एरर नाही, तक्रार नाही, सगळं गुडी गुडी. मग कर्नलचे स्वतःचे हिशेबाचे आकडे काढले. त्यात एक ओळ असते, टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेली कनेक्शन. तिच्यापुढे आकडा होता ६१ हजारांच्या वर. आणि मी बघत असतानाच तो वाढत होता.

डोक्यात प्रकाश पडायला पाच मिनिटं लागली. सांगतो.

अँड्रॉइडचा फोन कनेक्शन जोडायला जातो तेव्हा पाकिटावर एक आकडा टाकतो, टाइमस्टॅम्प. तेव्हाच्या फोनमध्ये हे घड्याळ भिंतीवरचं नसायचं. फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, त्यावरून तो आकडा यायचा. आता मी फिरवलेला खटका काय करत होता? एका पत्त्यावरून आलेला शेवटचा आकडा तो लक्षात ठेवायचा. पुढच्या एका मिनिटात त्याच पत्त्यावरून त्याहून लहान आकड्याचं पाकीट आलं की 'हे जुनं, शिळं पाकीट आहे' असं समजून गुपचूप फेकून द्यायचा. उत्तर नाही, नकार नाही, काही नाही.

हे केव्हा ठीक चालतं? एका पत्त्यामागे एकच मशीन असेल तर. पण आमच्या घरात पाच फोन, आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच, राउटरचा. जर्मनीतल्या त्या सर्व्हरच्या दृष्टीने आमचं अख्खं घर म्हणजे एकच माणूस. बाबा फोन कधीच बंद करत नाहीत, महिना महिना तो चालूच. त्यामुळे त्यांचा आकडा सगळ्यात मोठा. मुलींचे फोन दुपारी लाइट गेली तेव्हा बॅटरी संपून बंद पडलेले आणि नुकतेच चार्जिंगला लावून सुरू केलेले. त्यांचे आकडे एवढेसे. बाबांनी दार वाजवलं की पुढचा एक मिनिट त्या पोरींना दार बंद.

म्हणजे बघा, मी पुण्यात एक खटका फिरवला आणि त्याचा नियम झाला असा, की ज्याच्या घरी लाइट जात नाही त्याचा फॉर्म आधी.

आणि हे फक्त आमच्या घरापुरतं नव्हतं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेतच मुळात सुमारे ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचा साठा २०११च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. त्यामुळे मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. कॉलेजची लॅब, हॉस्टेल, गावातला टॉवर, सगळीकडे तेच. आमच्या पुण्याच्या ऑफिसात टेस्टिंगच्या दोन मशीनवर हे दिसणं शक्यच नव्हतं. माझ्या हॉटस्पॉटच्या पत्त्यावरून त्या मिनिटाला साइटवर जाणारा बहुधा मी एकटाच होतो, म्हणून माझ्याकडे 'चालत' होतं.

वहीत लिहिलंस का?

रात्रीचे अकरा वीस. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. चालू मशीनवर, शेवटच्या चाळीस मिनिटांत, हजारो लोक फॉर्म भरत असताना खटका परत फिरवायचा. पण रीबूट करायची गरज नव्हती, हीच तर त्या सोयीची खरी किंमत. एकचा शून्य केला. डेटाबेसच्या बाजूला पुन्हा कोंडी होऊ नये म्हणून शेजारचा दुसरा खटका लावला. तो फक्त आपल्या मशीनकडून बाहेर जाणाऱ्या कनेक्शनपुरते जुने पोर्ट पुन्हा वापरू देतो, बाहेरून येणाऱ्यांना त्रास देत नाही. आदल्या वेळी खरं तर तोच वापरायला हवा होता.

एंटर. नाकारलेल्यांचा आकडा जागच्या जागी थांबला. बहिणीच्या फोनवरचं गोल गोल थांबलं आणि फॉर्म दिसला. ती आणि तिची मैत्रीण, दोघींचे अर्ज पावणेबाराच्या आत गेले. ताडकळसच्या मुलीला आम्ही चार फोन लावले. फोन बंद. बहुधा लाइट नसेल.

"काय करायलास रे एवढ्या रात्री?" बाबा पाणी प्यायला उठले होते.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, कालवा निरीक्षक. उमेदीची सगळी वर्षं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. हा कालवा पैठणहून निघतो, २०८ किलोमीटर लांबीचा. पैठणला सोडलेलं पाणी परभणी जिल्ह्यात पोचायला काही दिवस लागतात. त्यांना कर्नल-बिर्नल काय सांगणार? म्हणून मी म्हटलं, "बाबा, वरचं गेट चुकीचं फिरवलं होतं मी. खालच्या लोकांना पाणीच मिळत नव्हतं."

बाबा लगेच खुर्ची ओढून बसले. हा त्यांचा विषय.

"चालत्या पाण्यात गेट फिरवलं की माणसानं मोटारसायकल काढून टेलला जायचं," ते म्हणाले. "गेटवर उभं राहून काय कळत नाही. तिथं पाणी झकास दिसतं. आणि टेलचा शेतकरी भांडायला येत नसतो बघ. भांडतो तो मधला, ज्याला थोडं मिळतं. टेलवाल्याला वाटतं पाणी सुटलंच नाही."

मी गप्प बसलो. 'आमच्याकडं नेट असंच हाय.'

"आणि वहीत लिहिलंस का?" त्यांनी जाताना विचारलं. "गेट किती फिरवलं ते वहीत नसलं तर सकाळच्या ड्यूटीचा माणूस जुनं बघून परत तसंच करून ठेवतो."

"हो हो," मी म्हटलं. मला वाटलं ते ऑफिसच्या मेलबद्दल बोलतायत. खरं तर मी काहीच लिहिलं नव्हतं.

न आलेल्यांचा हिशेब

सोमवारी सकाळी प्रश्न होता, हे कुणाला सांगायचं का? क्लायंटकडून एकही तक्रार आलेली नव्हती. अर्ज भरपूर आलेले. लीड फोनवर म्हणाला, "अरे, ६१ हजार म्हणजे ६१ हजार माणसं थोडीच आहेत? एकेक जण दहा दहा वेळा धडका मारत असणार." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण मग माणसं किती होती? दोन हजार? पाचशे? ते सांगणं अशक्य होतं. साइटच्या लॉगमध्ये नोंद होते ती आत आलेल्यांची. ज्यांना दारातूनच परत पाठवलं त्यांचं नाव, गाव, काहीच कुठे लिहिलेलं नसतं. त्यातलं एकच नाव मला ठाऊक होतं, कारण ती आमच्या हॉलमध्ये बसून गेली होती.

मी तिला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या नेटचा प्रॉब्लेम नव्हता, आमच्या सर्व्हरचा होता. माझी चूक होती." पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विचारलं, "म्हणजे आता भरता येईल?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला आणि मेल लिहिला. काय केलं, किती वाजता केलं, त्यामुळे काय झालं, किती जण अडले ते सांगता येत नाही, आणि मुदत वाढवावी अशी विनंती. लीडला कॉपी ठेवली. पाठवताना पोटात गोळा होता. नोकरीला दोनच वर्षं झाली होती आणि घरी टू-व्हीलरचा हप्ता चालू होता.

संध्याकाळी क्लायंटचा मेल आला. मुदत बुधवार रात्रीपर्यंत वाढवली. मला झापलं, ते वेगळं. ते मी नीट ऐकून घेतलं.

सिनेमा इथेच संपायला हवा होता. पण बुधवारी सकाळी मी पुण्यात परतलो आणि दुपारी तिचा फोन आला.

"दादा, परत फिरायलंय."

मला पटेना. लॉगिन केलं. खटका बघितला. एक! मी स्वतःच्या हाताने शून्य केलेला खटका पुन्हा एकवर बसलेला. मग कळलं. पहाटे आमच्याच टीमने सिक्युरिटी पॅच टाकून सर्व्हर रीबूट केला होता, ठरल्याप्रमाणे. मशीन उठलं, त्याने गुरुवारची माझी फाइल वाचली आणि माझं गुरुवारचं शहाणपण इमानेइतबारे पुन्हा लागू केलं. रविवारी मी गेट फिरवलं होतं, पण वहीत जुनंच राहिलं होतं. सकाळच्या ड्यूटीच्या माणसाने वही बघून तसंच करून ठेवलं.

या वेळी दोन्ही केलं. आधी चालू मशीनवर शून्य, मग फाइलमधली ओळ खोडली, आणि वर तारीख टाकून का खोडली तेही लिहिलं. तोवर ती फोनवरच होती. "आता बघ," मी म्हटलं. पाच सेकंद. "उघडली," ती म्हणाली. मी तिला फोन ठेवू दिला नाही. फोटो अपलोड होऊन, पावती येऊन, तिने अर्जाचा नंबर वाचून दाखवेपर्यंत लाइनवर बसून राहिलो.

खटका गेला, सवय राहिली

२०१७च्या जुलैमध्ये लिनक्सच्या कर्नलची ४.१२ आवृत्ती आली आणि त्यात हा खटका कायमचा काढून टाकला गेला. एका पत्त्यामागे अनेक माणसं असलेल्या जगात त्याचा उपयोग कमी आणि उपद्रव जास्त, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मी एकटाच कॉफी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. म्हणजे हा मार खाणारा मी एकटाच नव्हतो तर!

मला अजूनही चालू मशीनचे खटके फिरवावे लागतात, कामच ते आहे. आणि हे लिहितोय म्हणून 'हात लावू नका' असं सांगणार नाही. रविवारी रात्री अकरा वीसला ती सोय नसती तर रीबूटच्या भानगडीत आणखी किती अर्ज गेले असते कुणास ठाऊक. फक्त आता काही गोष्टी नेमाने करतो. एका वेळी एकच खटका. फिरवण्याआधी जुना आकडा लिहून ठेवायचा. चालू मशीन आणि फाइल, दोन्हीकडे एकच गोष्ट आहे ना, हे ताडून बघायचं. आणि फाइलसुद्धा अधूनमधून उघडून वाचायची, कारण जग पुढे जातं. दारातल्या रांगेचा तो जो खटका सांगितला, तो वर्षानुवर्षं १२८वर यायचा. म्हणून लोकांनी 'वाढवतोय' म्हणत फाइलमध्ये १०२४ लिहून ठेवलं. २०१९मध्ये कर्नलने मूळ आकडाच ४०९६ केला. आता ती जुनी ओळ रांग वाढवत नाही, उलट कमी करते. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. ओळ मात्र ड्यूटीवर असते.

आणि शेवटची गोष्ट, टेलला जाऊन बघायचं. मोठा बदल केला की मी ऑफिसच्या फायबरवर टेस्ट करून गप्प बसत नाही. परभणीला फोन लावतो. बहीण आता तिथे नाही, पण बाबा आहेत. "बाबा, जरा ही साइट उघडून बघा. आणि आईच्या फोनवर पण. आणि आईचा फोन आधी बंद करून चालू करा." बाबा हे काम गेज वाचल्यासारखं गंभीरपणे करतात. वेळेसकट सांगतात.

त्या शिष्यवृत्ती परीक्षेत ताडकळसच्या मुलीचा नंबर लागला नाही. तिनेच फोन करून कळवलं. "पेपर अवघड होता दादा, गणितात गेलं," म्हणाली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो, तर तीच म्हणाली, पुढच्या वर्षी परत देणार आहे, फॉर्म सुटला की सांगा.

पुढच्या वर्षी फॉर्म सुटला त्या दिवशी मी तिला पहिला मेसेज टाकला. त्याआधी सर्व्हरवर जाऊन तो एक खटका बघून आलो होतो. शून्य होता. फाइलमध्येही.